खाते, तरी वाळते

धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर ती झोपली होती. मला घड्या घालायच्या होत्या, म्हणून तिला बाजूला ठेवायला मी दोन्ही हातांनी उचललं आणि माझे हात नको तेवढे वर गेले. भरलेली समजून रिकामी कळशी उचलावी तसं झालं. मी तिला परत खाली ठेवलं, पुन्हा उचललं. पाठीवरून हात फिरवला तर कण्याचा एकेक मणका बोटांना लागत होता. तिचे केस दाट, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नव्हतं.

"बाबा," मी हाक मारली, "ही वाळलीय का हो?"

सासरे गॅलरीत खुर्चीवर बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. "खाते हाय ना गो? मग?"

ती म्हणजे आमची तेरा वर्षांची मांजर. खरं तर आमची नव्हेच, सासू-सासऱ्यांची. निडीला त्यांची भातशेती होती, भात काढल्यावर त्याच जमिनीत वाल. सासूबाईंनी तिला पेंढ्याच्या उडवीतून काढून वाढवलं होतं. सासूबाई गेल्या आणि बाबांना पेणला आमच्याकडे आणायचं ठरलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. ती येत असेल तर येतो. म्हणून ती आली. तिला नाव असं कधी ठेवलंच नव्हतं. बाबा तिला 'गो' म्हणून बोलवायचे आणि मलाही 'गो' म्हणूनच. 'इकडे ये गो' असं ऐकू आलं की आम्ही दोघी मान वर करायचो, आणि हाक कुणाला ते त्यांच्या हातात काय आहे त्यावरून कळायचं. मासळीचं डोकं असलं तर ती तिला, शर्टाचं तुटलेलं बटण असलं तर मला.

मी रोह्याच्या एका शाळेत वाचनालय सांभाळते. सकाळच्या गाडीने पेणहून निघायचं, दुपार कलल्यावर परतायचं. नवरा डोलवीच्या कंपनीत, त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. त्यामुळे दिवसभर घरात दोघंच असायची, बाबा आणि ती. तिने काय खाल्लं, किती खाल्लं, हे मला बाबांच्या तोंडून कळायचं, आणि बाबांच्या तोंडून रोज एकच कळत होतं, की मस्त खाल्लं.

ते खोटं नव्हतं. ती खरंच खात होती. त्या आठवड्यात मी मुद्दाम लक्ष ठेवलं. सकाळी दूध-भात चाटूनपुसून. मी मांदेली साफ करायला घेतली की पायात घुटमळायची, ओरडायची, आणि डोकी टाकली की वाडगा ढकलत ढकलत पार दरवाज्यापर्यंत न्यायची. तासाभराने परत ओट्याखाली हजर. पूर्वी वरण-भाताकडे ढुंकूनही बघत नसे, आता तोही खायची. एकदा तर पोळीचा कोरडा तुकडा तिने पळवला. भूक एवढी, आणि अंगाला काहीच लागत नव्हतं.

शेजारच्या काकी घरी पोह्याचे पापड करून विकतात. त्यांच्याकडे पाकिटं वजन करायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. रविवारी मी तिला घेऊन त्यांच्याकडे गेले. काकींनी काट्यावर स्टीलची परात ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि मी तिला परातीत बसवली. ती दोन सेकंदच बसली, पण तेवढ्यात आकडा दिसला. तीन किलो दोनशे.

"बरी हाय की," काकी म्हणाल्या. "मांजर अजून किती भरायची?"

मी घरी येऊन कपाटातला लसीचा कागद शोधला. आदल्या वर्षीच्या पावसाळ्याआधी तिला लस दिली होती, त्यावर वजन लिहिलेलं होतं. चार किलो तीनशे. तो कागद हातात धरून मी पलंगावर बसून राहिले. सात-आठ महिन्यांत, एवढ्याशा जिवातला चौथा हिस्सा गेला होता, आणि आमच्यातल्या कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

मला भीती वाटायला एक कारण होतं. सासूबाई आजारी पडल्या त्याच्या आधी सहा-सात महिने त्यांच्या बांगड्या सैल झाल्या होत्या. हात वर केला की कोपरापर्यंत सरकायच्या. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं. वय झालं, शेतातली उस्तवार, उन्हाळा कडक आहे, असं म्हणून सोडून दिलं. त्या जेवत होत्या, चालत होत्या, वालाच्या शेंगा सोलत होत्या. पोटातली गाठ कळली तेव्हा फार काही करण्यासारखं उरलं नव्हतं. बांगड्यांकडे बघून न बघितल्यासारखं केलं, ही गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही.

पेणच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात आधी दाखवलं. तिथे रांगेत शेळ्या होत्या, एक पाय सुजलेली म्हैस होती. तिथले डॉक्टर भले होते. त्यांनी तिचं तोंड उघडून दात पाहिले, पोट चाचपलं आणि म्हणाले, "खातेय आणि अंगाला लागत नाही म्हणजे बहुतेक जंत. औषध देतो. पंधरा दिवसांनी परत एक डोस द्या."

मला एवढं हलकं वाटलं की परतताना मी तिच्याशी रिक्षात मोठ्याने बोलत होते. जंत. एवढंच. दोन्ही डोस दिले, मग आणखी एक आठवडा थांबले आणि पुन्हा काकींच्या परातीत बसवली. दोन किलो नऊशे.

काकींनी काटा बंद करून पुन्हा चालू केला, परात पुसली आणि म्हणाल्या, "परत ठेव बघू." परत ठेवली. तेच.

रात्री जेवताना मी विषय काढला. रोह्याला एक डॉक्टर आहे, तरुण मुलगी आहे, फक्त कुत्र्या-मांजरांचा दवाखाना काढलाय तिने, शाळेतल्या बाईंनी त्यांचा कुत्रा तिथेच दाखवला होता, असं सगळं सांगितलं. रक्त तपासतात, मग नक्की कळतं.

"नाय न्यायची," बाबा म्हणाले.

"का हो बाबा?"

"म्हातारी झाली ती. म्हातारपणात वाळतात सगळी."

नवरा म्हणाला, "जाऊन दाखवून आणू दे की. आपलं काय जातंय?"

बाबांनी ताट पुढे सरकवलं. त्यात भात तसाच होता. "कळून काय झालं तेव्हा?" ते म्हणाले. "तुझ्या आयशीचं कळलं. कळल्यावर काय झालं? सुया टोचून टोचून हात काळे-निळे केले तिचे. गेलीच ना?" ते उठून हात धुवायला गेले.

पुढचे आठ-दहा दिवस मी तो विषय काढला नाही, पण डोक्यातून तो जात नव्हता. गाडीत बसल्यावर मोबाइलवर शोधायचे. खाऊनही बारीक होणारी म्हातारी मांजर. जे जे वाचायचे ते ते तिला झालंय असं वाटायचं. साखर, मूत्रपिंड, आतड्याचा कॅन्सर. कासूच्या पुढे नेटवर्क गेलं की अर्धं पान उघडून अडकायचं आणि नागोठणं येईपर्यंत मी त्या अर्ध्या वाक्याकडे बघत राहायचे. घरी आले की चपला काढायच्या आधी तिच्या पाठीवर हात फिरवून बघायचे. ती कंटाळून निघून जायची. बाबा बघायचे आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचे.

मग एका सकाळी ती ओट्यावर उडी मारायला गेली. ही उडी ती दिवसातून दहा वेळा मारायची. पुढचे पाय ओट्याच्या कडेला लागले, मागचे पोचलेच नाहीत. नखांचा कर्रकन आवाज आला आणि ती खाली आपटली. उठली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि आपलं काही झालंच नाही अशा थाटात पंजा चाटायला लागली. मी चहा गाळत होते. बाबा दारात उभे होते. त्यांनी ते सगळं पाहिलं.

शनिवारी मला सुट्टी होती. मी उठून बाहेर आले तर बाबा स्वच्छ सदरा घालून तयार, आणि भाजीची झाकणाची टोपली त्यांनी जुन्या ओढणीने बांधून ठेवलेली. आतून ओरडणं ऐकू येत होतं.

"गाडी किती वाजता हाय?" त्यांनी विचारलं. "मी पण येतो."

रोह्याच्या त्या दवाखान्यात भिंतीला पांढऱ्या फरशा होत्या आणि फिनेलचा वास होता. डॉक्टरने तिला टेबलावर घेतलं, छोट्या काट्यावर वजन केलं. दोन किलो आठशे. मग मला प्रश्न विचारायला लागली. पाणी जास्त पिते का? उलट्या करते का? मी म्हटलं, नाही, तसं काही नाही.

"करते," बाबा म्हणाले. "हप्त्यातून दोन-तीनदा. मी पुसून टाकतो."

मी त्यांच्याकडे बघितलं. डॉक्टर आता त्यांच्याकडे वळली. "अजून काय काय बदललंय, आजोबा?"

आणि बाबांनी सांगायला सुरुवात केली. बाथरूमच्या बादलीवर चढून पाणी पिते, वाटीतलं पुरत नाय. पहाटे उठून घरभर फिरते आणि ओरडते, कुणी मेल्यागत ओरडते. एका जागी बसत नाय. पूर्वी दुपारभर माझ्या पायाशी झोपायची, आता दहा मिनिटांत उठते. अंग गरम लागतं. कधीपासून, असं डॉक्टरने विचारलं. "गणपतीच्या आधीपासून," ते म्हणाले.

आता थंडी सरत आली होती. म्हणजे सहा महिने. मला राग आला, आणि त्याच क्षणी मला कळलं की तो राग मला करता येणार नाही. त्यांनी पाहिलं होतं, सगळं नीट पाहिलं होतं. मी तेवढंही पाहिलं नव्हतं.

डॉक्टरने स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकलं. मग तिच्या गळ्याखाली दोन बोटं हळूच वरून खाली फिरवली. एका जागी थांबली. पुन्हा फिरवली. मी डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"काय आहे?"

"हृदय खूप जोरात चाललंय. आणि इथे काहीतरी लागतंय हाताला. थायरॉईड असू शकतं, साखर असू शकते, मूत्रपिंडाचंही असू शकतं. आतड्याचं काही असलं तरी असंच वाळतात. रक्त बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही, काकू."

सुई म्हटल्यावर मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी टोपलीवरची ओढणी सोडली, तिला त्यात गुंडाळली आणि स्वतः धरली. "बस गो, बस, झालंच," असं तिच्या कानाशी म्हणत राहिले. रक्त काढून झालं तेव्हा त्यांच्या मनगटावर तीन ओरखडे होते. साखर तिथेच बघितली, ती नव्हती. बाकीचं रक्त मुंबईच्या प्रयोगशाळेत जाणार होतं. चार दिवस लागतील, डॉक्टर म्हणाली.

ते चार दिवस कसे गेले ते सांगायला माझ्याकडे फारसं काही नाही. मी पुस्तकांवर शिक्के मारले. सातवीच्या मुलींना चुकीच्या कपाटातली पुस्तकं दिली. दर दहा मिनिटांनी मोबाइल पालथा करून सुलटा करत होते. नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट होती, तो दुपारी घरी असायचा. त्याने फोन करून सांगावं की ती ठीक आहे, असं मी त्याला सांगून ठेवलं होतं. तो रोज एकच निरोप पाठवायचा: 'खातेय.' तो शब्द वाचून मला बरं वाटायचं बंद झालं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी डॉक्टरचा फोन आला. थायरॉईड खूप वाढलेलं होतं. गळ्यातली ग्रंथी मोठी होऊन नको तेवढं काम करते, त्यामुळे शरीर आतून धावत राहतं आणि खाल्लेलं सगळं जळून जातं, असं तिने समजावलं. गोळ्या असतात, माणसांच्याच असतात, त्या आयुष्यभर द्यायच्या. "बहुतेक मांजरींना बरं वाटतं," ती म्हणाली. "मूत्रपिंडं मात्र काठावर आहेत. थायरॉईड खाली आलं की ती खरी कशी आहेत ते कळेल. कधीकधी एक झाकलेलं असतं, ते मग उघडं पडतं."

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. ग्रंथी वाढलीय, गोळ्या आहेत, असं म्हटलं. मला एक शब्द टाळायचा होता.

"गाठ हाय का?" त्यांनी थेट विचारलं.

"डॉक्टर म्हणाल्या, बहुतेक साधी असते."

"बहुतेक," ते म्हणाले, आणि गॅलरीत गेले.

गोळ्या द्यायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. मी पहिल्या दिवशी तोंड उघडून घालायला गेले तर माझ्या अंगठ्याला चावली. बाबांनी मांदेलीचं मांस काट्यांवरून सोडवलं, बोटांनी मळून लहान गोळा केला आणि गोळीचा तुकडा त्यात लपवला. तिने तो न चावता गिळला. सकाळी एक, संध्याकाळी एक. आठ दिवस सगळं सुरळीत गेलं. पहाटेचं ओरडणं कमी झालं, असं बाबा म्हणाले. मी कॅलेंडरवर खुणा करत होते आणि मनात म्हणत होते, सुटलो.

नवव्या दिवशी ती जेवली नाही.

संध्याकाळी घरी आले तर वाडग्यात मांदेली तशीच पडून होती. सुकट टाकली, तिने वास घेतला आणि मान फिरवली. दोनदा पिवळं पाणी ओकली. गाल पंज्याने सारखा खाजवत होती, कानापुढचे केस गेले होते. इतके महिने ती खातेय म्हणून भीती वाटत होती, आणि आता ती खात नव्हती. मी डॉक्टरला फोन लावला.

"गोळी थांबवा," डॉक्टर म्हणाली. "काहींना सोसत नाही सुरुवातीला. दोन-तीन दिवस थांबू, खायला लागली की अर्ध्याच प्रमाणात सुरू करू. पण दोन दिवसांत काहीच पोटात गेलं नाही तर मात्र लगेच घेऊन या. उपास मांजरीच्या यकृताला चालत नाही."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. बाबा सकाळपासून जमिनीवर बसून होते, गुडघे दुखतात म्हणून एरवी ते कधी खाली बसत नाहीत. ती पलंगाखाली होती. ते हाक मारत नव्हते, नुसते बसले होते. मी ड्रॉपरने पाणी पाजलं, अर्धं बाहेर आलं. दुपारी काकी आल्या आणि कोरडा जवळा तव्यावर भाजून दिला. "वासाने येईल," म्हणाल्या. आली नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास, मी टोपली बाहेर काढलेली असताना, पलंगाखालून चाटण्याचा आवाज आला. बाबांनी तळहातावर चुरलेला जवळा आत धरला होता. त्यांनी माझ्याकडे न बघता दुसरा हात वर केला, थांब म्हणून. मी दारातच थांबले. काकींच्या काट्यावर त्या आठवड्यात ती दोन किलो सातशे भरली. त्याहून खाली ती कधी गेली नाही.

अर्ध्या प्रमाणात सुरू केलेली गोळी तिला सोसली. महिन्याने पुन्हा तपासणीला रोह्याला जायचं होतं. बाबा अर्थातच आले. दवाखान्यातला छोटा काटा त्या दिवशी बंद होता. जमिनीवरचा मोठा, कुत्र्यांचा काटा होता, पण त्यावर ती उभीच राहीना, उतरून टेबलाखाली जायची.

"आजोबा, तुम्ही तिला घेऊन उभे राहा," डॉक्टर म्हणाली. "मग तुम्ही एकटे उभे राहा. वजाबाकी करू."

बाबा चपला काढून, तिला छातीशी धरून काट्यावर चढले. आकडा आला एकोणपन्नास किलो शंभर. मग मी तिला घेतलं आणि ते एकटे उभे राहिले. सेहेचाळीस शंभर.

"तीन किलो!" डॉक्टर खुश झाली. "वाढलं, काकू! दोनशे ग्रॅम वाढलं!"

बाबा हसले. मीही हसले असेन. पण मला तो दुसरा आकडा दिसत राहिला. बाबांच्या प्रेशरच्या फाइलवर आदल्या पावसाळ्यात पंचावन्न किलो लिहिलेलं मला पक्कं आठवत होतं, कारण ती फाइल मीच सांभाळते. मी त्यांच्याकडे बघितलं, म्हणजे खरोखर बघितलं. सदऱ्याच्या कॉलरमध्ये मान सैल हलत होती. पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं होतं, खिळ्याने, वेडंवाकडं. किती महिने मी घरात शिरल्यावर आधी मांजरीच्या पाठीवर हात ठेवत होते.

परतीच्या गाडीला गर्दी नव्हती. टोपली आमच्या दोघांच्या मधे होती. निडी गेलं. बाबा नेहमीप्रमाणे शेताच्या बाजूच्या खिडकीतून बघत होते. स्टेशन मागे पडल्यावर मी विचारलं.

"बाबा, तुम्ही जेवता का नीट?"

"जेवतो की."

"नऊ किलो कमी झालेत तुम्ही."

त्यांनी टोपलीवरची ओढणी नीट केली. मग म्हणाले, "दात लागतात गो."

त्यांची कवळी. खालची कवळी पावसाळ्यापासून टोचत होती. हिरडीला आत काहीतरी आलं होतं, चावलं की कळ मस्तकात जायची. म्हणून ते आमच्यासमोर वरण-भात कालवून चार घास गिळायचे आणि दुपारी, घरात कुणी नसताना, त्यांच्या वाटणीची मासळी काटे काढून तिला घालायचे. ती मागतच असायची.

"बोललात का नाही?"

"तुझं तिच्यामागं चाललेलं ना सगळं. अजून माझं कुठं काढू." मग थांबून, खिडकीकडे बघत, हळू आवाजात म्हणाले, "बोटाला लागते ती गाठ. कडक हाय. मला वाटलं, तुझ्या सासूचं तेच माझं. म्हटलं, आधी हिचं काय होतं ते बघू."

मी टोपलीवरून हात पुढे करून त्यांचा हात धरला. सासऱ्यांचा हात मी तोवर कधी धरला नव्हता. त्यांनी तो काढून घेतला नाही.

त्याच संध्याकाळी पेणला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. नवरा शिफ्ट बदलून आला. डॉक्टरने कवळी काढून ठेवली, बॅटरी लावून बघितलं, बोटाने चाचपलं. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. "कवळी घासून घासून झालेलं दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "पंधरा दिवस कवळी अजिबात लावायची नाही. त्यात बसलं तर बसलं. नाही बसलं तर तुकडा काढून तपासायला पाठवू."

पुन्हा पंधरा दिवस. या वेळी माझ्याकडे ना काकींचा काटा होता, ना आकडा. रोज सकाळी बाबा आरशापुढे उभे राहून ओठ खाली ओढून बघायचे आणि मी दुसरीकडे बघत असल्याचं दाखवायचे. मी नाचणीची पेज केली, मासळी शिजवून कुस्करून दिली, अंडी दिली. ते जेवत असताना मी समोर बसायचे. ती पायाशी येऊन ओरडली तरी ते तिला घालायला बघायचे नाहीत, निदान मी समोर असेपर्यंत तरी. दहाव्या दिवशी म्हणाले, "कमी वाटते गो." मी विश्वास ठेवला नाही. त्यांच्या 'मस्त खाल्लं'वर मी किती महिने विश्वास ठेवला होता. पंधराव्या दिवशी डॉक्टरने बघितलं, पुन्हा चाचपलं आणि बसलंय म्हणाले. नवीन कवळीचं माप घेतलं. जिना उतरताना बाबा मधल्या पायरीवर थांबले, कठड्याला धरून. मला वाटलं चक्कर आली. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि पुढे उतरायला लागले.

ती आता तीन किलो चारशेवर आहे. ओट्यावर एका उडीत चढते. मात्र थायरॉईड खाली आल्यावर मूत्रपिंडाचा आकडा थोडा वर गेला, डॉक्टरने आधी सांगितलं होतं तसाच. फार नाही, पण गेला. त्यासाठी वेगळं खाणं सांगितलंय, ते तिला आवडत नाही, पाणी जास्त पाजायचंय, आणि दर दोन-तीन महिन्यांनी रक्त. किती दिवस, असं मी एकदा विचारलं होतं. डॉक्टर म्हणाली, चांगले दिवस आहेत ते मोजू नका, काकू, फक्त गोळी चुकवू नका.

बाबा एकावन्नवर आलेत. नवीन कवळी लावून परवा त्यांनी वालाचं बिरडं दोनदा मागून घेतलं. मी अजूनही घरी आल्यावर चपला काढता काढता आधी गॅलरीत डोकावते. दोघं दिसली तर बरं वाटतं, पण ते बरं वाटणं टिकत नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन मी दोघांचे वाडगे बघते, कोणी किती ठेवलंय ते. बाबांना हे कळतं. काल मी अशी वाकलेली असताना ते मागून म्हणाले, "खाल्लं गो, दोघांनीबी खाल्लं. विचार तिला."